काळी तीनला चढवलेली गिटार

परभणीत गिटार दुरुस्त करणारा माणूस आहे, यावर परभणीच्याच लोकांचा विश्वास बसत नाही. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात मी बसतो. पाटीवर ‘हार्मोनियम, तबला, माईक-सेट व गिटार दुरुस्ती’ असं लिहिलंय. त्यातलं ‘गिटार’ नंतर घुसवलेलं असल्यामुळे बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आहे. गिऱ्हाईक आधी पंक्चरवाल्याला विचारतं, तो बोट दाखवतो, आणि मग माझ्याकडे बघून त्याला वाटतं की या माणसाकडे खुर्ची दुरुस्तीला द्यावी, गिटार नाही.

त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही. आमचं घराणं सुताराचं. वडील तिफणी, पाळणे, देव्हारे करायचे. लाकूड कधी फुगतं, कधी आकसतं, कुठून चिरतं हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पण मला नाद लागला माईकचा. शिंगासारखे कर्णे, एक अॅम्प्लिफायर आणि वायरची भेंडोळी एसटीच्या टपावर टाकून मी पालम, पाथरी, जिंतूर असा सगळा जिल्हा फिरलो. कीर्तन, लग्न, जयंती, प्रचारसभा, काही म्हणून सोडलं नाही. वडील म्हणायचे, ‘पोरगं हवेचा धंदा करायलंय.’ पुढे गिटार हातात आली तेव्हा लक्षात आलं की तिच्यात लाकूडही आहे आणि वायरही आहे. वडिलांचं आणि माझं भांडण एका वस्तूत मिटलं. ते बघायला ते नव्हते, एवढंच वाईट वाटतं.

गिऱ्हाइकं एकेक नग. पाथरीच्या एका कापड दुकानदाराने हौसेनं गिटार घेतली आणि पत्र्याच्या छपराखाली खुंटीला टांगली. मे महिन्यात आतला डिंक सुटला आणि पाठ उघडी पडली. मला म्हणाला, ‘मिस्तरी, ही आपोआप कशी काय उकलली?’ दुसऱ्या एकाने बोटं भरभर फिरावीत म्हणून तारांना खोबरेल चोळलं होतं. आणि एक नवरदेव आला, त्याला लग्नात गिटार वाजवत मांडवात यायचं होतं. चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, ‘तारा काढून टाका, बोटाला लय लागायल्यात.’ मी काढून दिल्या. तो बिनतारांची गिटार वाजवत मांडवात शिरला, डीजेवर गाणं लावलेलं, आणि सगळ्या पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. संसार उत्तम चाललाय त्याचा.

आता ज्यांनी गिटार फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक गिटार असते पोकळ पेटीची, ती आपली आपण वाजते. दुसरी असते भरीव लाकडाची, तिला वीज लागते. आणि तिसरी या दोघींची सांगड असते. पेटी पोकळच, पण तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पोटात एक बारीक पट्टी बसवलेली असते. तार थरथरली की ती पट्टी दाबली जाते आणि त्या दाबाची वीज होऊन वायरमधून बाहेर पडते. गिटारीच्या कडेला छोटी डबी, तिच्यात बॅटरी आणि आवाजाची बटणं. दुकानदार सांगतो, वायर खुपसा आणि वाजवा. माणूस वायर खुपसतो आणि पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा आवाज येतो. मग तो बटणं पिरगाळतो. जाड आवाज वाढवला की घुमतं, बारीक वाढवला की टोचतं, आणि दोन्ही वाढवले की शिट्टी सुटते. ती पेटी पोकळ, त्यामुळे स्पीकरचा आवाज पुन्हा तिच्यातच शिरतो आणि फिरून फिरून किंचाळतो.

अशा गिटारीचा आवाज सुधारायचा तर आधी वायरीला हातच लावायचा नाही. आधी लाकूड बघायचं. मान सरळ आहे का, तारा किती उंच आहेत, घोडीवरची हाडाची पट्टी खाली सपाट टेकते का. ती खाली कुठे अधांतरी राहिली की त्या जागची तार मुकी होते, मग अॅम्प्लिफायर कितीही महागाचा आणा. हे सगळं झालं की मग बॅटरी, मग वायर, आणि बटणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

हे मला कुणी शिकवलं, तर गिटार कधी हातात न धरलेल्या बाईनं. तिचीच गोष्ट सांगायला हा लेख लिहायला घेतला, आणि मधेच दुकान उघडून बसलो.

गयाबाई पालमजवळच्या एका गावच्या. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे गाण्याच्या पार्ट्या असतात. पेटी, ढोलकी, बँजो आणि समोर गाणारी. गयाबाईंची पार्टी त्यात नावाजलेली होती. त्यांची पट्टी काळी तीन. म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून त्या गायच्या, आणि तिथून वर कुठवर जायच्या याला हद्द नव्हती. मी तेव्हा नवखा, मिसरूड फुटलेला माईकवाला. त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमाला मी हौसेनं सगळी बटणं उजवीकडे फिरवली, वर एको लावला. पहिलं कडवं झालं आणि बाई गाणं थांबवून स्टेजवरून खाली उतरल्या. सगळा गाव बघतोय. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, आवाज वाढवायचं काम माझं हाय. तू फक्त हाय तसा मागच्या माणसापस्तोर नेऊन सोड.’

परत जाऊन गायल्या. मी एको बंद केला, बटणं निम्म्यावर आणली, आणि पहिल्यांदा मला माझ्या कर्ण्यांतून माणूस ऐकू आला. पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या पार्टीचा माईक माझ्याकडेच होता. त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना आक्का म्हणायचो. माझ्या ज्या कामाचं लोक नाव काढतात, ते सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. आपल्याकडे बोलायची पद्धत नाही.

मग पार्ट्यांचे दिवस सरले. मोबाईलवर तयार संगीत लावून गाणारे आले, डीजेच्या भिंती आल्या. गयाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या गायच्या थांबल्या, एवढं कानावर आलं. मी भेटायला जाऊन आलो. त्या घसा धरून हळू बोलत होत्या, मला भाकरी खाऊ घातली, गाण्याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

परवाच्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेला तीनेक आठवडे असताना, त्यांची मुलगी प्रज्ञा दुकानात आली. जिंतूरला शाळेत शिक्षिका आहे. एसटीत मांडीवर घेऊन आणलेली गिटार तिने कव्हरमधून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

‘जय भीम, मामा.’

‘जय भीम. तू कधीपासून गिटार वाजवायला लागलीस?’

‘शाळेतल्या एका सरांकडून चार कॉर्ड शिकले. आईसाठी. पण हिचा आवाजच चांगला येईना. आन पोट फुगायलंय हिचं.’

खरंच फुगलं होतं. घोडी मागच्या बाजूने उचलली गेली होती, खालून कागद सरकला असता. मान पुढे वाकलेली, तारा इतक्या उंच की दाबताना बोटं कापावीत. मी एक तार छेडली. हार्मोनियम जवळ ओढून सूर लावून बघितला आणि काय झालंय ते कळलं. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. आमच्याकडे गाणाऱ्याची पट्टी ठरली की सगळी वाद्यं त्या पट्टीला चढवायची. ढोलकीची दोरी आवळा, तबल्याचे गठ्ठे ठोका, तुणतुण्याची खुंटी पिळा. गाणारा राजा, बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत यायचं. प्रज्ञानेही तेच केलं होतं. तिला ज्या कॉर्ड, म्हणजे एकदम दाबून वाजवायचे सूर, येत होत्या त्या काळी तीनच्या दोन पट्ट्या खालच्या, म्हणून तिने सगळ्या तारा पिळून पिळून आईच्या काळी तीनला नेल्या होत्या. ढोलकीला ते चालतं. गिटारीच्या सहा तारांचा ताण आधीच एखाद्या धडधाकट माणसाच्या वजनाएवढा असतो. त्यावर आणखी पिळलं तर लाकूड काय करील? ते बिचारं वर आलं.

‘एवढंच ना,’ मी म्हणालो आणि खणातून चिमटा काढला. त्याला कॅपो म्हणतात. गिटारीच्या मानेवर हव्या त्या घरात हा चिमटा लावला की सगळ्या तारा एकदम वरच्या पट्टीत जातात, पिळायची गरजच नाही. ‘घोडी मी बसवून देतो. हे लाव, तुझ्या त्याच कॉर्ड धर, आईची काळी तीन मिळेल.’

प्रज्ञाने चिमटा हातात घेतला, उघडून मिटून बघितला, आणि तिचे डोळे भरून आले.

‘मामा, हे आईला दाखवू नका.’

मग तिने सगळं सांगितलं. गावच्या विहारासमोरच्या कार्यक्रमात यंदा आईनं गावं असं गावानं ठरवलं होतं. बॅनरवर नाव आलं होतं. आई हो म्हणाली, पण गाणार तर काळी तीनलाच, म्हणाली. ऑपरेशननंतर वरचा आवाज राहिला नव्हता. घरी सरावाला बसल्या की वर जाताना आवाज फाटायचा, मग खोकल्याची उबळ. डॉक्टरांनी बजावलं होतं की ताण दिलात तर आहे तोही आवाज जाईल. ‘खाली घे म्हटलं की बोलतच न्हाई माझ्याशी. म्हणती, गयाबाई खाली गायली तर लोक म्हणतील गयाबाई संपली. म्हून म्हटलं, तुमच्याकडून गिटारीचा आवाज इतका मोठा करून घ्यावा, की आईचा फाटला तरी त्यात झाकून जाईल.’

मी तिला सांगितलं, असं कधी करू नको. गिटार मोठी झाली की गाणारी तिच्यावर जायला आणखी जोर लावते. मोठा आवाज गाणाऱ्याला झाकत नाही, ढकलतो. गिटार अशी हवी की हळू असून शेवटच्या माणसाला स्वच्छ ऐकू यावी. मग तुझ्या आईला ओरडावंच लागणार नाही. ‘पण काळी तीन?’ तिने विचारलं. मी गिटार ठेवून घेतली, रिकामं कव्हर तिला परत दिलं आणि आठवड्यानं आईला घेऊन यायला सांगितलं. चिमटा तिने गिटारीच्या कव्हरच्या खिशात टाकला, बहुधा विसरून.

काम मन लावून केलं. तारा उतरवून लाकडाला आधी नुसतं पडू दिलं. त्यालाही दम घ्यायला वेळ लागतो. घोडीखालचा जुना डिंक खरवडला, नवा लावून शिकंज्यात आवळली. मानेत एक लोखंडी सळई असते, ती थोडी थोडी फिरवून मान सरळ आणली. हाडाची नवी पट्टी काचेवर घासून खालून सपाट केली, कारण आधीच्या पट्टीवर दोन तारा मुक्याच होत्या. मग तारा बसवल्या त्या जाड, आणि सूर लावला पांढरी दोनला, म्हणजे गयाबाईंच्या पट्टीच्या चांगल्या चार पट्ट्या खाली. वायर जोडून, बटणं मधोमध ठेवून छेडली. पत्र्यावरची ज्वारी गेली होती. आवाज घट्ट सायीच्या दह्यासारखा लागला. मी एकटाच दुकानात हसलो.

ठरल्या दिवशी सकाळी दोघी आल्या. गयाबाई वाळल्या होत्या, पण बसल्या तशाच ताठ. मी गिटार त्यांच्यासमोर ठेवली आणि आठवडाभर मनात घोळवलेलं बोललो.

‘आक्का, घोडी बसवली. पण एकदा निघालेली घोडी आहे. काळी तीनचा ताण हिला आता झेपायचा नाही. पांढरी दोनच्या वर चढवली तर पुन्हा निघेल.’

प्रज्ञा खाली मान घालून बसली. गयाबाईंनी गिटारीच्या पोटावरून तळहात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

‘म्हंजी म्या खाली यायचं?’

‘गिटारीसाठी.’

‘हिला काय झालं होतं म्हणलास?’

‘पोट फुगलं होतं. ऑपरेशन केलंय.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उगीच पक्कड पुसत राहिलो. मग त्यांचा हात गळ्यावरच्या खुणेपाशी गेला.

‘ऑपरेशन झालेल्याला ताण देऊ नये,’ त्या म्हणाल्या. ‘वाजीव गं.’

प्रज्ञाने वाजवलं आणि गयाबाई पांढरी दोनला गायल्या. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज वर जाताना ऐकला होता. त्याला खाली एवढी जागा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दाणेदार, थोडा खरबरीत, शेजारी बसून आपल्यालाच काही सांगावं असा आवाज. पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बुद्धपौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी विहारासमोर मांडव भरला होता. साउंडवाला तरुण, त्याने दोन्ही बाजूंना डीजेच्या पेट्यांची भिंत उभी केली होती. मी त्याला म्हटलं, एवढा अर्धा तास तुझं मशीन माझ्या हातात दे. दिलं बिचाऱ्यानं. मी फक्त दोन पेट्या चालू ठेवल्या, त्यांची तोंडं गिटारीकडे नसतील अशा वळवल्या. गिटारीच्या भोकावर रबराचं झाकण बसवलं, म्हणजे बाहेरचा आवाज पोटात शिरणार नाही. घुमणारा जाड आवाज थोडा कापला. एको बंद.

‘काका, लोकायला आवाज कमी वाटल,’ तो म्हणाला.

वाटलाच. गयाबाईंनी पहिली ओळ घेतली आणि मागून ओरडा झाला, ‘आवाज वाढवा!’ पुन्हा दोघंतिघं, ‘ओ साउंडवाले!’ तो तरुण माझ्या हाताकडे बघायला लागला. गयाबाईंनीही स्टेजवरून माझ्याकडे बघितलं. माझं बोट बटणावर होतं. वाढवलं असतं तर शिट्टी तरी सुटली असती, नाहीतर त्यांनी सवयीनं गळा ताणला असता. मी बोट काढून घेतलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

दुसऱ्या कडव्याला मागच्यांनी ओरडायचं सोडलं. तिसऱ्याला पोरांना गप्प बसवायला लागले. मांडवाच्या शेवटी उभा राहिलेला एक म्हातारा कानावरचा फेटा वर सरकवून ऐकत होता. गिटार खाली शांत चालली होती आणि तिच्यावर गयाबाईंचा आवाज कुठेही न फाटता, न खोकता, पार त्या म्हाताऱ्यापर्यंत जात होता. आहे तसा.

गाणं संपल्यावर बायका त्यांच्याभोवती जमल्या. एकीनं विचारलंच, ‘गयाबाई, आविंदा सूर खाली कामून घेतला?’

‘ह्या गिटारीचं ऑपरेशन झालंय,’ गयाबाई म्हणाल्या. ‘तिला वर झेपंना. म्हून म्या उतरले तिच्यासाठी.’

बायकांनी गिटारीबद्दल हळहळ केली.

प्रज्ञा चहा आणायला गेली. मी गिटार कव्हरमध्ये घालत होतो, तेवढ्यात गयाबाई आल्या, कव्हरच्या खिशात हात घातला आणि चिमटा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

‘हा घेऊन जा तुझा. नांदेडच्या एका पार्टीत गिटारवाला होता, त्याच्याकडं असाच होता. कशाला असतो ते ठाव हाय मला.’

‘आक्का, कधी कळलं?’

‘तू दुकानात घोडीचं बोललास तव्हाच. हा त्याच्या आधीच घरी खिशात घावला होता.’ त्या मांडवाकडे बघत राहिल्या. ‘माझं मला उतरता येईना रं. कुणीतरी शिडी लावायला पायजे होती. पोरीला सांगू नको मला कळलंय म्हून. लय जीव टाकलाय तिनं. तिला वाटू दे.’

मी आजपर्यंत सांगितलं नाही. गयाबाई अजून गातात, पांढरी दोनलाच, आणि जिल्ह्यात त्यांना पुन्हा बोलावणी यायला लागली आहेत. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी मला धंदा शिकवला, ते एकदा तरी बोलून टाकावं म्हणून ते बोललो. त्या ‘हं’ म्हणाल्या. मग मी विचारलं, ‘आक्का, चिमट्याचं लिहू का? प्रज्ञा वाचेल.’

फोनवर मागे गिटार वाजत होती.

‘लिही,’ गयाबाई म्हणाल्या. ‘आता झेपल तिला.’